व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा जीर्णोद्धार : जपायचे नेमके काय?

१/
एप्रिल १९४७. लंडनहून निघणाऱ्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात एका ॲम्प्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध झाला. उरलेला भाग मे महिन्याच्या अंकात आला. लेखक होता डी. टी. एन. विल्यमसन, वय अवघे चोवीस. पुढे हा आराखडा समोर ठेवून अनेक देशांतील हौशी लोकांनी आपापल्या घरी ते यंत्र उभे केले. आज एखाद्या संग्रहालयाला 'अस्सल विल्यमसन' हवा असेल, तर त्याने यांपैकी कोणता घ्यावा?

२/
प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. नाणे, शिल्प किंवा ताम्रपट जपायचा म्हणजे त्याचा मूळ पदार्थ टिकवायचा, हे इतिहासाच्या अभ्यासकांनी गृहीत धरलेले असते. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर या गृहीताला छेद देतो. वाजवला तर तो झिजतो. कपाटात ठेवला तरी त्याचे काही भाग आतल्या आत निकामी होत राहतात. मग जपायचे नेमके काय?

३/
आधी या यंत्राची ओळख. व्हॉल्व्हचा रेडिओ ज्या घरांत होता, तेथे वडीलधाऱ्यांना एक गोष्ट हमखास आठवते : बटण फिरवले तरी आवाज यायला थोडा वेळ लागे. निर्वात काचनळीतला कॅथोड आधी तापावा लागतो, हे त्याचे कारण. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि ॲनोडकडे धावतात. मध्ये तारेची बारीक जाळी असते, ती ग्रिड. ग्रिडवरच्या क्षीण विद्युतदाबाने हा मोठा प्रवाह कमीजास्त होतो. व्हॉल्व्ह म्हणजे झडप. नाव अगदी सार्थ आहे.

४/
दोन ध्रुवांचा व्हॉल्व्ह इंग्लंडमध्ये जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये सिद्ध केला. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ च्या सुमारास त्यात ग्रिडची भर घातली. या शोधाचे पहिले मोठे गिऱ्हाईक संगीत नव्हते, टेलिफोन होता. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन सेवेचे उद्घाटन झाले. हजारो मैलांच्या तारेत विरत जाणारा आवाज वाटेत पुन्हा पुन्हा उचलून धरण्याचे काम व्हॉल्व्हने केले.

५/
त्यानंतर हे तंत्र चित्रपटगृहात आले. १९२७ चा 'द जॅझ सिंगर' आणि १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेला 'आलम आरा' या दोहोंच्या मागे हीच शक्ती होती. ध्वनिमुद्रित आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणे व्हॉल्व्हशिवाय त्या काळी शक्य नव्हते. १९३२ मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'ने मराठी पडद्यालाही वाचा दिली. बोलपटाचा इतिहास नटांचा आणि दिग्दर्शकांचा आहे, तसाच तो या काचनळ्यांचाही आहे.

६/
आवाज मोठा झाला, पण शुद्ध राहिला नाही. प्रत्येक व्हॉल्व्ह मूळ ध्वनीत आपले थोडे मिसळतोच. यावरचा उपाय ऑगस्ट १९२७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक यांना हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीत सुचला. हाताशी कागद नव्हता, म्हणून त्यांनी समीकरणे 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावरच लिहून काढली. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा काही अंश उलटा करून पुन्हा आत आणायचा. म्हणजे यंत्र आपली चूक आपणच खोडते. याला ऋण पुनर्भरण म्हणतात.

७/
पुनर्भरण कागदावर सोपे असते, प्रत्यक्षात ते बिथरते. ते फार वाढवले की ॲम्प्लिफायर स्वतःच शिट्टी वाजवू लागतो. युद्धकाळात मार्कोनी-ऑस्रॅम व्हॉल्व्ह कंपनीत काम केलेल्या विल्यमसनने हे कोडे सोडवले. केटी-६६ या दोन व्हॉल्व्हच्या जोडीतून १५ वॅट, विकृती ०.१ टक्क्याच्या आत आणि पुनर्भरण २० डेसिबल. घरगुती संगीतासाठी हे आकडे त्या काळी विलक्षण होते.

८/
यशाची किल्ली आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये होती. प्राथमिक वेटोळ्याचे ४,४०० फेरे सलग न गुंडाळता ४४० फेऱ्यांचे १० भाग करायचे आणि त्यांच्यामध्ये दुय्यम वेटोळ्याचे थर बसवायचे. तारेची जाडी, थरांची संख्या, गाभ्याची मापे हे सारे लेखात दिले होते. कारागिराने गुपित म्हणून राखावे असे ज्ञान या तरुणाने मासिकाच्या वाचकांपुढे उघडे ठेवले. ऑगस्ट १९४९ मध्ये त्याची सुधारित आवृत्तीही आली.

९/
त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेव्हिड सार्सर आणि मेल्विन स्प्रिंकल यांनी अमेरिकन वाचकांसाठी हा आराखडा बदलून घेतला. केटी-६६ च्या जागी तिकडे सहज मिळणारा ८०७ हा व्हॉल्व्ह बसवला. १९५२ मध्ये डेव्हिड हाफ्लर आणि हर्बर्ट केरोज यांनी त्याला 'अल्ट्रा-लिनियर' जोडणी दिली. अनेकांनी आपले जुने विल्यमसन उघडून त्याप्रमाणे बदलले. म्हणजे मूळ एकच, पाठभेद असंख्य. हस्तलिखित पोथ्यांच्या अभ्यासकाला ही स्थिती ओळखीची वाटेल.

१०/
नियतीचा विनोद असा की, व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरच्या या शिखराच्या वर्षीच, डिसेंबर १९४७ मध्ये, बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर चालला. पुढच्या दोन-अडीच दशकांत व्हॉल्व्हची जड, तापणारी यंत्रे माळ्यावर, अडगळीत आणि भंगारात गेली. पाश्चात्त्य देशांनी टाकून दिलेल्या चित्रपटगृहांतील वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या सामग्रीचे मोल जपानी संग्राहकांनी फार लवकर ओळखले. १९३८ चा ३००बी हा व्हॉल्व्ह आज पूजनीय मानला जातो, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

११/
आता अशा यंत्राचे झाकण उघडू. सर्वांत आधी दगा देतो तो कपॅसिटर, म्हणजे दुरुस्तीवाल्यांचा कंडेन्सर. इलेक्ट्रोलिटिक प्रकारातले रसायन वाळते. मेणकागदाचा कंडेन्सर दमट होऊन गळू लागतो. कार्बनचे जुने रेझिस्टर हळूहळू छापील किमतीच्या वर सरकतात. ट्रान्सफॉर्मर मात्र सहसा शाबूत असतो. तो जळाला तर त्याच्या तोडीचा पुन्हा गुंडाळून घेणे हेच सर्वांत कठीण काम.

१२/
गळका कंडेन्सर किती घात करतो, याचे उदाहरण म्हणजे १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये आलेला क्वाड-२. यातही केटी-६६ ची जोडी आहे आणि दोघांचा कॅथोड रेझिस्टर सामाईक आहे. ग्रिडकडे जाणारा कंडेन्सर गळू लागला की नको तो दाब ग्रिडवर येतो, व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो, रेझिस्टर भाजून निघतो आणि अखेर झळ ट्रान्सफॉर्मरला लागते. लहानशा भागाचा दोष अनमोल भाग घेऊन जातो.

१३/
म्हणून पहिला नियम : जुना ॲम्प्लिफायर मिळताच प्लग लावून पाहायचा नाही. आधी तपासणी आणि मोजमाप. मग सिरीज बल्ब किंवा व्हेरिॲक लावून दाब हळूहळू वाढवायचा. आतील दाब ४०० व्होल्टच्या आसपास असू शकतो आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तो साठून राहतो. हे काम जाणकाराचेच. येथे चुकीची किंमत जीव आहे.

१४/
येथून खरा पेच सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, एकही भाग बदलू नका. यंत्र मुके राहिले तरी चालेल, पण पुरावा अबाधित राहील. दुसरा म्हणतो, संगीतासाठी जन्मलेली वस्तू मुकी ठेवणे हाच तिचा नाश. जुने सारे काढा, नवे बसवा आणि ऐका. पहिल्याला वस्तू जपायची आहे, दुसऱ्याला आवाज. दोघांचेही म्हणणे प्रामाणिक आहे.

१५/
'मूळ आवाज' या शब्दांतही एक चकवा आहे. १९५३ मध्ये क्वाड-२ घरी आला तेव्हा त्यातले कंडेन्सर नवे कोरे होते. सत्तर वर्षांनी तेच भाग आत असले, तरी त्यांचे गुणधर्म ते राहिलेले नाहीत. एकही भाग न बदललेले यंत्र डोळ्यांना मूळचे दिसते, कानांना नव्हे. उलट नेमक्या किमतीचा नवा कंडेन्सर १९५३ च्या आवाजाच्या अधिक जवळ नेतो. वस्तूचे अस्सलपण आणि आवाजाचे अस्सलपण येथे एकमेकांच्या विरोधात उभे राहते.

१६/
काही कारागीर मधली वाट काढतात. जुन्या कंडेन्सरचे कवच अलगद उघडून आतला गाभा काढायचा, आत छोटा आधुनिक कंडेन्सर बसवायचा आणि कवच पुन्हा बंद करायचे. दर्शनी रूप राहते, यंत्र चालते. मात्र ही युक्ती निसरडी आहे. काय बदलले याची नोंद ठेवली तर ते जतन ठरते. नोंद न ठेवता 'सर्व भाग मूळचे' म्हणून विकले, तर बनावट ताम्रपट आणि या यंत्रात फरक उरत नाही.

१७/
आणखी एक गुंता. १९५२ नंतर एखाद्या मालकाने आपला विल्यमसन अल्ट्रा-लिनियर करून घेतला असेल, तर आज तो पुन्हा १९४७ च्या रूपात न्यावा का? जुन्या मंदिराच्या जीर्णोद्धारातही हाच प्रश्न येतो : यादवकालीन गाभारा खरा आणि पेशवाईतला सभामंडप उपरा, असे म्हणता येईल का? मालकाने केलेला तो बदल त्या यंत्राच्या आयुष्याचा भाग आहे. तो पुसला तर एका पिढीची हौस, तिचे वाचन आणि तिची कारागिरीही पुसली जाते.

१८/
वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये तयार झालेली व्हेनिस सनद येथे मार्गदर्शक ठरते. तिची तीन तत्त्वे यंत्रांनाही लागू पडावीत अशी आहेत. जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबावा. वेगवेगळ्या काळांतील भरीचा आदर व्हावा. आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद अभ्यासकांसाठी उपलब्ध असावी. हौशी कारागिराच्या टेबलावर सर्वाधिक दुर्लक्ष होते ते तिसऱ्या तत्त्वाकडे.

१९/
कंडेन्सरचा प्रश्न सुटला तरी व्हॉल्व्हचा उरतोच. कॅथोडवरचा बेरियम-स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचा लेप वापराने क्षीण होत जातो. काचेच्या आत चंदेरी आरशासारखा डाग दिसतो, तो गेटर. उरलासुरला वायू शोषून घेणे हे त्याचे काम. तो डाग पांढरा पडला की समजावे, हवा आत शिरली आणि व्हॉल्व्ह संपला. तो दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

२०/
बदली व्हॉल्व्ह आणायचे कोठून? एकेकाळी हा उद्योग अनेक देशांत होता. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला प्रारंभ केला. त्यांचे न वापरलेले जुने नग आजही संग्राहक शोधत असतात. आता उत्पादन मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथील मोजक्या कारखान्यांत उरले आहे. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाने निर्यातीवर बंधने आणली, तेव्हा गिटारवादकांपासून संग्राहकांपर्यंत सर्वांची झोप उडाली होती.

२१/
कारखाना बंद होतो तेव्हा यंत्रांबरोबर आणखी काही नष्ट होते : ग्रिडची तार किती ताणावी, कॅथोडचा लेप किती भाजावा, काच केव्हा सील करावी. यांतले बरेचसे कोणी लिहून ठेवलेले नसते. ते कामगारांच्या हातांत असते. म्हणून पुन्हा सुरू केलेल्या उत्पादनात नाव तेच असले, तरी व्हॉल्व्ह तोच असतो असे नाही. वस्तू आणि आवाज यांच्या जोडीला जपण्याजोगी तिसरी गोष्ट ही आहे : कसब.

२२/
आता पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. अस्सल विल्यमसन कोणता? ज्याच्याकडे बोट दाखवावे असा एकच नग नाही. तरीही १९४७ च्या कित्येक बंदिस्त, गुप्त रचनांपेक्षा विल्यमसन आज अधिक जिवंत आहे. त्या लेखातले ४४० फेऱ्यांचे १० भाग आजही कोणी गुंडाळू शकतो. त्याचे यंत्र टिकले, कारण त्याची नोंद टिकली.

२३/
घरच्या माळ्यावर आजोबांच्या काळातला व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा ॲम्प्लिफायर असेल, तर तो लावून पाहू नये. आधी आतबाहेरची छायाचित्रे घ्यावीत, तो कोणी, केव्हा आणि कशासाठी घेतला हे घरातल्या ज्येष्ठांना विचारून लिहून ठेवावे आणि मगच जाणकाराकडे न्यावा. काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून तारखेसह जपावा. आणि बदललेल्या भागांची यादी एका कागदावर लिहून, आतल्या तापणाऱ्या भागांपासून दूर, पेटीतच ठेवावी. पन्नास वर्षांनी झाकण उघडणाऱ्याच्या हाती तोच पहिला दस्तऐवज पडेल.

(धागा समाप्त)