वारीच्या मुक्कामासाठी बंद डब्याची गाडी निवडताना

चिंताकी आणि आजूबाजूच्या गावांतून आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या मंडळींकडून एक प्रश्न वरचेवर येतो. दिंडीबरोबर सामानाची गाडी असतेच. मग ती उघड्या हौद्याची न घेता बंद डब्याची घेतली आणि रात्री वयस्क माणसांना आत झोपता आले तर? परदेशात असलेली आपली मुलेही फोनवर व्हिडिओ पाठवतात. अमेरिकेत ६ फूट बाय १२ फुटांचा बंद ट्रेलर विकत मिळतो, लोक त्यात पलंग, ओटा, दिवे बसवून फिरते घर करतात. "आई-बाबांसाठी तिकडे असे काही करता येणार नाही का?" असे ती विचारतात.

करता येते. पण डबा निवडताना चूक झाली तर पुढे कितीही पैसा घातला तरी ती भरून निघत नाही. आम्ही चार-पाच निवृत्त सभासदांनी वर्गणी काढून अशी गाडी शोधली, एकदा फसलो, दुसऱ्यांदा बरी मिळाली. बँकेत असताना गाड्यांची कर्जे मंजूर करणे वेगळे आणि स्वतः गाडीखाली वाकून गंज पाहणे वेगळे, हे त्या वेळी कळले.

ट्रेलर की टेम्पो

ट्रेलरचा एक गुण आम्हाला फार आवडला होता: त्याची फळी जमिनीला जवळ असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला एक पायरी पुरते. टेम्पोची फळी कमरेच्या आसपास येते, तिथे तीन पायऱ्यांची मजबूत शिडी आणि धरायला दांडा लागतो.

तरीही आम्ही ट्रेलरचा नाद सोडला. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, म्हणजे त्याला स्वतंत्र नोंदणी, क्रमांक आणि विमा लागतो. २००४ च्या केंद्रीय अधिसूचनेत खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर हा प्रकार बिगर-वाहतूक वाहनांत धरलेला आहे, त्यामुळे कायद्याचा दरवाजा बंद नाही. पण आपल्या भागातल्या कारखान्यात वेल्डिंग करून घेतलेला डबा, ज्याच्या नमुन्याला मान्यता नाही, त्याची नोंदणी होत नाही. उसाची ट्रॉली सगळीकडे दिसते म्हणून तीच झाकून न्यावी असे कोणी सुचवले, तर ती शेतीकामासाठी नोंदलेली असते हे लक्षात घ्यावे.

शिवाय ओढण्याचे शास्त्र आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडावर, म्हणजे हुकावर यायला हवा. मागे जास्त भरले की वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो आणि पुढच्या गाडीलाही ओढतो. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे अनुभवाने माहीत असते, पण ट्रॅक्टरचा वेग वेगळा आणि उमरगा-नळदुर्ग-सोलापूर महामार्गावरचा जीपचा वेग वेगळा. ट्रेलर घ्यायचाच ठरवला असेल तर त्याला स्वतःचे ब्रेक आहेत का ते पाहावे आणि पाण्याची टाकी धुऱ्याच्या किंचित पुढे येईल अशी जागा आहे का तेही पाहावे.

आपल्यासाठी जवळचा मार्ग म्हणजे बंद डब्याचा टेम्पो किंवा कंपनीनेच बंद बनवलेली मालवाहू व्हॅन. टाटा एससारख्या छोट्या गाडीचा हौदा साधारण सात फूट बाय पाच फूट असतो. त्यात दोन माणसे कशीबशी झोपतात आणि सामान बाहेर राहते. आम्हाला दहा फुटांच्या आसपास लांबी आणि सहा फूट रुंदी हवी होती. चार माणसे आडवी, मध्ये जायला वाट, एका कोपऱ्यात पाणी.

वजनाचा हिशेब आधी

डबा पाहायला जाण्याआधी घरी कागदावर वजन मांडावे. आमचा हिशेब असा होता. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. १९ मिलिमीटर जाडीच्या प्लायचा आठ बाय चारचा एक तक्ता ३५ किलोच्या पुढे जातो आणि पलंग-कपाटे करताना असे पाच-सहा तक्ते सहज संपतात. १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची. गाद्या, भांडी, शिधा, वीस-पंचवीस वारकऱ्यांच्या पिशव्या, शिवाय टाळ-मृदंग आणि वीणा. आमचा आकडा सातशे किलोच्या वर गेला आणि छोट्या गाडीची क्षमता तिथेच संपत आली.

म्हणून आरसी बुकावरचे दोन आकडे टिपून घ्यावेत: रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन. मधला फरक हीच आपली खरी जागा. नंतर कोणी पत्र्याचा भारी डबा बसवला असेल तर कागदावरचे रिकामे वजन खोटे ठरते. गाडी काट्यावर घालून पाहावी. काट्याचा खर्च किरकोळ, पण सौद्यात ती पावती फार बोलते. परवान्याचेही इथेच पाहून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केल्याप्रमाणे ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना चालतो. त्यापुढची गाडी घेतली तर चालक वेगळा शोधावा लागेल.

दार

ही गोष्ट आम्ही व्हिडिओंमध्ये पाहिली नव्हती. मालाच्या डब्याचे मागचे दार बाहेरून बंद होते. उभ्या दांड्या, खाली-वर खिट्ट्या, आणि आतून काहीच नाही. मालाला आतून दार उघडायची गरज नसते.

पहिली गाडी पाहायला गेलो तेव्हा आमच्यातले एकजण आत शिरून छताची गळती शोधत होते. उजेड कुठून येतो ते दिसावे म्हणून दार लावा म्हणाले. मदतनिसाने दांडी फिरवली आणि तो चहाला गेला. आत मारलेल्या हाका रस्त्याच्या आवाजात कोणाला ऐकू आल्या नाहीत. पंधरा-वीस मिनिटे गेली. ते बाहेर आले ते घामाने निथळत. एप्रिलचा महिना, पत्र्याचा डबा, दुपारचे दोन. पुढे बराच वेळ ते बोलले नाहीत. घरी जाऊन आम्ही आमच्या यादीत पहिली ओळ बदलली.

तेव्हापासून आमचा नियम असा: ज्या डब्याला मागच्या दाराखेरीज बाजूलाही दार आहे आणि ते आतून उघडते, तोच पाहायचा. पाव-बिस्किटे पोचवणाऱ्या गाड्या, कुरिअरच्या गाड्या, फिरती दुकाने यांना असे दार असते. टाटा विंगर किंवा फोर्स ट्रॅव्हलर यांच्या मालवाहू प्रकारांत मूळ बांधणीतच बाजूचे दार मिळते. मागच्या दाराच्या दांड्यांना मुक्कामात कुलूप घालून त्या उघड्या अवस्थेतच अडकवून ठेवाव्यात, म्हणजे कोणी चुकून बाहेरून लावणार नाही.

"साधा डबा घेऊ, दार नंतर कापून घेऊ" असे गॅरेजवाले म्हणतात. दोन कारणांनी ते ऐकू नये. डब्याची ताकद कोपऱ्यांच्या खांबांत आणि उभ्या पट्ट्यांत असते. नको त्या जागी कापले की खड्ड्यातून जाताना चौकट वाकते, मग दार बसतही नाही आणि उघडतही नाही. दुसरे कारण कायद्याचे.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या मूळ नोंदीशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. कायमचे पलंग, ओटा, खिडक्या बसवून गाडी खरोखर 'मोटार कॅराव्हॅन' करायची तर एआयएस-१२४ हे मानक आहे; तो रस्ता मान्यताप्राप्त बांधणी करणाऱ्याचा आणि तपासणी संस्थेचा आहे, गल्लीतल्या वेल्डरचा नव्हे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले, पण त्याचा रोख पर्यटन व्यवसायाकडे आहे.

आम्ही मधला मार्ग घेतला. डब्याला हात लावला नाही. आत घडीच्या खाटा, गाद्या, सुटी टाकी, सुटी बॅटरी; हे सगळे सामान म्हणून जाते आणि गावी आल्यावर उतरते. तरी आधी आरटीओत जाऊन तोंडी विचारून घेतले. आपणही बीदर किंवा भालकीला जाऊन विचारावे, एजंटाच्या शब्दावर राहू नये.

सर्वांत महत्त्वाचे: गाडी चालू असताना मागे कोणीही बसायचे नाही. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याचे बंधन विमा कंपनीवर नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या डिसेंबरमध्येच दिला आहे. अपघात झाला तर दावा मालकाच्या अंगावर येतो, आणि मंडळाच्या नावावर गाडी असेल तर मंडळाच्या. "दोन कोसांचा तर प्रश्न, म्हातारीला मागे बसू द्या" हा आग्रह दरवर्षी होतो. दरवर्षी आम्ही वाईट होतो आणि म्हातारीला एसटीने पाठवतो.

गाडी महाराष्ट्रातली, म्हणजे उदगीर, लातूर किंवा नांदेडकडची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, आणि आधीचे कर्ज फिटले असेल तर फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. आरसीवर बँकेची नोंद तशीच असेल तर "कर्ज कधीच फिटले" या बोलण्याला किंमत नाही. कर्नाटकातला कर वेगळा भरावा लागतो, तो सौद्याच्या किमतीत धरावा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागते, हेही.

आधी काय वाहिले

आमची पहिली खरेदी इथे बुडाली. डबा स्वच्छ, रंग नवा, किंमत बेताची. घरी आणून दोन दिवस उन्हात उभा केला तेव्हा फळीतून उग्र वास येऊ लागला. चौकशी केल्यावर कळले की गाडी तीन-चार हंगाम कीटकनाशके पोचवत होती. लाकडात मुरलेले औषध धुऊन जात नाही. फळी काढली तर खालचे चॅनेल गंजलेले. माणसे झोपवायची म्हणून आम्ही ती तोट्यात विकली, घेणाऱ्याला कारण सांगून.

तेव्हा रंगावर जाऊ नये. डबा दुपारी दोन तास बंद ठेवून उघडावा आणि वास घ्यावा. फळीचा कोपरा उचलून पाहावा. खत वाहिलेल्या गाडीचे चॅनेल आणि पाटे खालून पोखरलेले असतात, मासळीच्या गाडीत पत्र्याचे सांधे. टायरवर चार अंकी शिक्का असतो: पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी जुने रबर भार घेत नाही.

ऊन, दमट हवा आणि गॅस

आषाढीत पाऊस, पण गाणगापूर, तुळजापूर, खानापूरची मैलार यात्रा यांनाही हीच गाडी जाणार, म्हणजे उन्हाळा-हिवाळा दोन्ही आले. पांढऱ्या छताचा डबा घ्यावा. खाली-वर समोरासमोर जाळीदार झडपा आधीपासून असतील तर उत्तम; चार माणसांच्या श्वासाने बंद डब्यात पहाटे पत्र्यावरून पाणी ठिबकते. २५ वॅटचे दोन पंखे आणि थोडे दिवे मिळून ६५ वॅट धरले तर दहा तासांना ६५० वॅट-तास लागतात. १५० अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी वापरली तरी ९०० मिळतात, म्हणजे एक रात्र निवांत.

स्वयंपाक आत करायचा नाही, सिलिंडर आत ठेवायचा नाही, थंडीत शेगडीही नाही. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईला उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात, बेकायदा आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जणांचा जीव गेला. तो डबा आपल्या टेम्पोपेक्षा कितीतरी मोठा होता.

शेवटी जमीन. पंढरपुरात ६५ एकरावर किंवा वाटेत कुठल्याही शेतात मुक्काम म्हणजे काळी माती. पाऊस पडून गेल्यावर भरलेली गाडी रात्रीतून चार बोटे खचते आणि सकाळी दार चौकटीत अडकते. मागे जोडचाके असलेली गाडी त्यातल्या त्यात बरी. चाकाखाली घालायला जाड लाकडी फळ्या न्याव्यात. आमच्या गाडीत त्या दाराजवळच बांधलेल्या असतात, कारण पहिल्या वर्षी त्या सगळ्या गाद्यांच्या खाली निघाल्या होत्या.