रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

समजा, १९७१च्या जनगणनेचा जिल्हावार तक्ता आपण मुलांकडून करून घेत आहोत. जालन्यापुढे काय लिहायचे? जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातले जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके आणि परभणीतला परतूर मिळून तो बनला. १९७१मध्ये हा जिल्हाच नव्हता, म्हणून ० लिहिले तर? मग तिथे माणसेच नव्हती असा अर्थ होईल! माणसे होती, ती दोन वेगळ्या जिल्ह्यांत मोजली गेली होती.

आता १९८१चा आसाम पाहू. राज्य होते, माणसे होती, पण तिथे त्या वर्षी जनगणनाच झाली नाही. हाही रकाना रिकामा, पण कारण वेगळे. जालन्याच्या बाबतीत प्रश्नच लागू नव्हता. आसामच्या बाबतीत उत्तर होते, ते मिळाले नाही.

संगणकाला हा फरक कळतो का? जीडब्ल्यू-बेसिक या भाषेत एखाद्या संख्या-चलाला किंमत दिलीच नाही, तर संगणक मुकाट्याने ० धरतो. १९८४मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पातून आपल्या काही शाळांत बीबीसी संगणक आले. त्यांची बेसिक मात्र अशा वेळी थांबते आणि 'असा चल नाही' असे सांगते. काम अडते खरे, पण चूक तिथेच सापडते.

माहितीच्या तक्त्यांसाठी एडगर कॉड यांनी १९७९मध्ये 'नल' या खुणेचा सविस्तर विचार मांडला. नल म्हणजे शून्य नव्हे, किंमत नसल्याची नोंद. पुढे १९९०च्या पुस्तकात त्यांनी दोन खुणा सुचवल्या : 'माहीत नाही' आणि 'लागू नाही'. म्हणजे आपले आसाम आणि जालनाच! तक्त्यांसाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एसक्यूएल भाषेत मात्र एकच नल राहिला. कारण कोणते, हे माणसालाच लिहून ठेवावे लागते.

आपल्या गुणपत्रकात हे रोजचेच आहे. चौघांना ५०, ६०, ७०, ८० गुण आणि पाचवी मुलगी गैरहजर. तिच्यापुढे ० मांडला तर वर्गाची सरासरी ५२. रकाना रिकामा ठेवला तर ६५. एसक्यूएलही सरासरी काढताना नल वगळते. त्या एका शून्याने वर्गाची सरासरी १३ने उतरते. आणि मुलीच्या नावावर न दिलेल्या परीक्षेतले अपयश लागते ते वेगळेच.