ताळा कुणाच्या हातात?

११ ऑगस्ट २०१८. दुसरा शनिवार, बँका बंद. पुण्याच्या कॉसमॉस बँकेची बनावट कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएमवर माणसं उभी होती. काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. आपल्या देशातून आणखी अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमार्गे १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. १९०६ सालच्या जुन्या बँकेला ९४ कोटी ४२ लाखांचा फटका!

झालं कसं? कार्ड घातलं की विचारणा आधी 'स्विच'कडे जाते. स्विच बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतो, खात्यात पैसे आहेत का? चोरांनी मध्येच बनावट स्विच उभा केला. प्रश्न मुख्य प्रणालीपर्यंत पोचलाच नाही, उत्तर मात्र आलं, "द्या पैसे."

मंडळी, हा रोग जुना आहे. १९६४ ला आयबीएमने 'सिस्टीम ३६०' आणली आणि पुढे जगभरच्या बँका अशा मेनफ्रेमवर गेल्या. रीत अशी की प्रोग्राम एकाने लिहायचा, दुसऱ्याने तपासायचा, तिसऱ्याने मशीनवर चढवायचा. पण त्याच मशीनवर 'सुपरझॅप' नावाचं दुरुस्तीचं हत्यारही होतं. त्याने तयार प्रोग्राममध्ये थेट फेरफार करता यायचा. म्हणजे मंजूर प्रत कपाटात जशीच्या तशी, आणि मशीनवर चालतंय भलतंच.

यावर उपाय निघाला तो शाळेत शिकलेला ताळा. अख्ख्या प्रोग्रामचं गणित करून एक छोटी खूण काढायची. आज तिला हॅश म्हणतात. एक अक्षर बदललं तरी खूण बदलते. रोज खूण काढा, मंजूर खुणेशी जुळवा.

पण खूण ठेवायची कुणी? मशीन सांभाळणाऱ्यानेच ठेवली तर तो दोन्ही बदलेल. आपल्याकडे हे शहाणपण कधीचंच होतं. गावाचा हिशेब कुलकर्ण्याच्या दप्तरात, परगण्याचा देशपांड्याच्या. खाडाखोड एका वहीत करता येते, दोन हातांतल्या दोन वह्यांत ती लपवणं अवघड.

चोरही पुढे गेलेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकी यंत्रणांनी 'फास्टकॅश' या हल्ल्याचा इशारा दिला. त्यात बँकांच्या स्विच सर्व्हरवर चालू असलेल्या प्रोग्राममध्येच परका कोड घुसवला जात होता. असा फेरफार चालू मेमरीत झाला, तर डिस्कवरची फाइल शाबूत राहते आणि खूण जुळते! म्हणून प्रोग्रामच्या ताळ्यासोबत पैशाचाही ताळा हवा. एटीएममधून निघाले किती, खात्यांतून वजा झाले किती, हे महिनाअखेरीला नाही, तासातासाला जुळवायला हवं.

कॉसमॉसनंतर, १९ ऑक्टोबर २०१८ ला, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे नियम काढले. पण आपल्या जळकोट-नळदुर्ग पट्ट्यातला शेतकरी, दुकानदार पैसा पतसंस्थेतही ठेवतो. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीत नाहीत, आणि बँकठेवीला असलेलं पाच लाखांचं विमा संरक्षण तिथे नाही. म्हणजे तिथला राखणदार सभासदच.

तेव्हा वार्षिक सभेत लाभांशाबरोबर तीन प्रश्न विचारा. सॉफ्टवेअरमध्ये बदल कोण करतं? त्याला मंजुरी कोण देतं? आणि या दोघांपेक्षा वेगळा असा कोण तो बदल तपासतो?

तिन्ही प्रश्नांना एकच नाव आलं, तर खाली बसू नका.