सावकाराच्या वहीपासून कार्डाच्या स्टेटमेंटपर्यंत : ऋणकोच्या मौनाचा इतिहास

१/ नागपूरजवळ वेणा नदीच्या काठी वसलेले हिंगणा आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. येथील नोकरदाराच्या मोबाइलवर दरमहा क्रेडिट कार्डाचे स्टेटमेंट येते. त्यातील दोनच गोष्टी सहसा पाहिल्या जातात : एकूण देय रक्कम आणि भरणा करण्याची शेवटची तारीख. मधल्या ओळी न वाचलेल्याच राहतात.

२/ त्या ओळींपैकी एखादी आपण न केलेल्या खर्चाची असू शकते. ती शोधून ‘हा व्यवहार माझा नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आज स्वाभाविक वाटतो. परंतु आपल्या नावावर दुसऱ्याने काय लिहिले आहे, हे पाहण्याचा हक्क ऋणकोला सहजासहजी मिळालेला नाही. त्यामागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

३/ एकोणिसाव्या शतकातील खेड्यात कर्जाचा हिशेब एकाच ठिकाणी असे : सावकाराच्या वहीत. रोजकीर्दीत नोंद व्हायची आणि तेथून ती खतावणीत उतरायची. लिहिणारा सावकार, वही सांभाळणारा सावकार आणि बेरीज करणाराही सावकारच. ज्याच्या नावावर रक्कम चढे, त्या कुळाला बहुधा अक्षरओळखच नसे. कर्जरोख्यावर त्याचा केवळ अंगठा अथवा नांगराची निशाणी असे.

४/ हा धोका कायद्याच्या लक्षात आला नव्हता असे नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ३४ ने स्पष्ट केले होते, की व्यवसायात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद पुरावा म्हणून ग्राह्य आहे. पण केवळ त्या नोंदीच्या आधारे कोणावरही देणे लादता येणार नाही. तत्त्व उत्तम होते. मात्र त्याचा उपयोग होण्यासाठी ऋणकोने न्यायालयात उभे राहून नोंद नाकारणे आवश्यक होते.

५/ प्रत्यक्षात उलटेच घडे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता. परिणाम असा झाला, की मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई. जुने मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल तयार होई. मूळ किती घेतले आणि मधे किती फेडले, याचा मागच पुसला जाई.

६/ १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी या रोषाचा स्फोट झाला. दंगल पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरली. जमावाचा रोख कशावर होता, हे पाहण्यासारखे आहे. लोकांना रोखे आणि हिशेबवह्या हव्या होत्या. त्या मिळाल्या की त्यांची होळी होई. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तेथे हिंसा फारशी झाली नाही.

७/ जो कागद वाचता येत नाही आणि ज्यातील चूक दाखवता येत नाही, तो जाळणे एवढाच मार्ग त्या शेतकऱ्याला दिसला. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता.

८/ या कायद्यातील तीन तरतुदी पुढील इतिहासाचा पाया ठरल्या. फेडलेल्या रकमेची लेखी पावती मिळण्याचा हक्क. मागणी केल्यास वर्षातून एकदा खात्याचा उतारा मिळण्याचा हक्क. आणि पासबुकात वेळोवेळी हिशेब लिहून घेण्याचा हक्क. शिवाय रोख्यावरील आकडा अंतिम न मानता, व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासण्याचे काम न्यायालयाकडे आले.

९/ उणीव ‘मागणी केल्यास’ या शब्दांत होती. पुढच्या पेरणीसाठी ज्याच्या दारात जायचे, त्याच्याकडेच हिशेबाचा उतारा मागणे सोपे नव्हते. हक्क कागदावर होता. तो वापरण्याचे धाडस मात्र ऋणकोलाच करावे लागे.

१०/ हिंगणा या कायद्याच्या मूळ कक्षेत नव्हते. १८५४ मध्ये नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. या प्रांतातील निर्णायक पाऊल जागतिक मंदीनंतर पडले. शेतमालाचे भाव कोसळले आणि कर्जे मात्र तशीच राहिली. १९३३ मध्ये प्रांताने कर्ज-तडजोड मंडळांचा कायदा केला, आणि पाठोपाठ १९३४ मध्ये सावकारी कायदा आला.

११/ १९३४ च्या कायद्याने प्रश्नाची बाजूच पालटली. प्रत्येक ऋणकोचे खाते स्वतंत्र ठेवणे आणि दरवर्षी त्याला वाचता येईल असा हिशेबाचा उतारा देणे, हे सावकाराचे कर्तव्य ठरले. ते न पाळल्यास व्याज नाकारण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. आता मागण्याचे ओझे ऋणकोवर नव्हते, देण्याचे ओझे धनकोवर होते.

१२/ यापुढचे पाऊल अधिक सूक्ष्म होते. उतारा हाती पडला आणि ऋणको काहीच बोलला नाही, तर? १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने याचे उत्तर दिले : मिळालेला हिशेब बरोबर आहे किंवा चूक आहे, असे सांगण्याचे बंधन ऋणकोवर नाही, आणि केवळ तो गप्प राहिला म्हणून हिशेब त्याला मान्य आहे असे समजले जाणार नाही. ही तरतूद महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यातही टिकून आहे. मौन म्हणजे संमती नव्हे.

१३/ बँका मात्र सावकारी कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत, आणि कार्डाची कथा तेथून सुरू होते. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डे न मागताच लोकांना टपालाने पाठवली. गैरवापर आणि थकबाकी ओघानेच आली. १९७० मध्ये अमेरिकेने न मागितलेल्या कार्डांवर बंदी घातली. १९७४ च्या कायद्याने चुकीच्या बिलाविरुद्ध लेखी तक्रार करण्यासाठी ६० दिवसांची मुदत दिली.

१४/ भारतात सेंट्रल बँकेने १९८० मध्ये आपले कार्ड आणले. ऑनलाइन खरेदी वाढली तशी नियमांची भर पडली. ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्डव्यवहाराला अतिरिक्त पडताळणी बंधनकारक झाली; तीच पुढे ओटीपीच्या रूपाने घरोघरी पोहोचली. ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप होणाऱ्या वर्गणीच्या वजावटीपूर्वी २४ तास आधी सूचना देणे आवश्यक ठरले.

१५/ ६ जुलै २०१७ चे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा आहे. चूक बँकेची नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, अशा अनधिकृत व्यवहाराची माहिती बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर ग्राहकाचे दायित्व शून्य. चार ते सात दिवसांत दिली, तर मर्यादित : पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डासाठी कमाल १०,००० रुपये. त्यानंतर बँकेचे धोरण लागू.

१६/ याच परिपत्रकाने ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकली. कलम ३४ मधील तत्त्व येथे नव्या वेशात दिसते : केवळ नोंद आहे म्हणून देणे सिद्ध होत नाही. मात्र ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच.

१७/ पण एक बाब उलटली आहे. सावकारी कायद्यात ऋणकोच्या मौनाला संरक्षण आहे. कार्डाच्या जगात मौनाची किंमत दिवसागणिक वाढते. त्यामागे कारणही आहे. वहीतील खोटी नोंद वर्षभर तशीच पडून राही. चोरलेला कार्डक्रमांक मात्र आधी एखाद्या क्षुल्लक रकमेने चाचपला जातो. ती कोणाच्या लक्षात आली नाही, तर मोठी रक्कम जाते.

१८/ म्हणून स्टेटमेंट वाचताना इतिहासाच्या अभ्यासकाचीच पद्धत उपयोगी पडते. एका साधनावर विसंबायचे नाही. प्रत्येक ओळ स्वतःच्या पावत्या आणि संदेश यांच्याशी ताडून पाहायची. दुकानाच्या पाटीवरील नाव आणि स्टेटमेंटमधील नाव वेगळे असू शकते, म्हणून अनोळखी नाव दिसताच तारीख आणि रक्कम पडताळायची. लहान रकमा आधी पाहायच्या. शंका टिकली तर कार्ड बंद करून बँकेला कळवायचे आणि तक्रारीचा क्रमांक जपायचा. फसवणूक झाली असल्यास १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

१९/ सुप्याच्या शेतकऱ्याला वही मिळाली तेव्हा ती जाळण्यापलीकडे त्याच्या हाती काही नव्हते. हिंगण्याच्या नोकरदाराला तीच वही दर महिन्याला मोबाइलवर मिळते, त्याला ती वाचता येते आणि नाकारताही येते. उतारा हाती देण्याची सक्ती कायद्याने धनकोवर केली. तो वाचण्याचे काम मात्र आजही ऋणकोचेच आहे, आणि त्यासाठी पूर्ण संरक्षणाची मुदत तीन दिवसांची आहे.