हिरड्याची नावे आणि फळांच्या अर्कांची जंतुरोधक शक्ती

वऱ्हाडच्या उत्तरेस अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात बेहडा व आवळा यांच्याबरोबर हिरड्याचे वृक्षही आढळतात. या तिन्ही फळांच्या योगास वैद्यकात त्रिफळा म्हणतात. अमरावती येथे 1983 साली विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या परिसरातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांत वनौषधींच्या अर्कांची सूक्ष्मजंतुरोधक शक्ती तपासणे हा महाविद्यालयीन संशोधनाचा एक परिचित विषय आहे. अशा प्रबंधांत फळाच्या नावाचा विचार सहसा लॅटिन नावापाशी थांबतो. परंतु हिरड्याच्या नावांचा इतिहास पाहिला असता, ही नावे केवळ भाषाभ्यासकाच्या कुतूहलाचा विषय नव्हेत, हे ध्यानात येते.

संस्कृत 'हरीतकी' व 'बिभीतक' या शब्दांची 'हरडई' व 'बहेडओ' ही प्राकृत रूपे हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या व्याकरणात सिद्ध केली आहेत. दोहोंतही मूळ 'त'काराचा 'ड'कार झालेला आहे. मराठीतील 'हिरडा' व 'बेहडा' हे शब्द याच परंपरेतले. फारसीत हीच फळे 'हलीला' व 'बलीला' झाली आणि 'त्रिफळा' या शब्दाचे अरबीत 'इत्रीफल' झाले. काबूलमार्गे पश्चिमेकडे जाणाऱ्या हिरड्यास 'काबुली' हे विशेषण लागले. पुढे रेट्झियस याने अठराव्या शतकाच्या अखेरीस दिलेल्या 'टर्मिनॅलिया चेब्युला' या शास्त्रीय नावातही ते शिरले. वृक्ष भारतातला, नाव मात्र व्यापारमार्गाचे, असा हा प्रकार आहे.

मराठी बाजारातील नावे याहून अधिक नेमकी आहेत. बी धरण्यापूर्वीच गळलेले व वाळून काळे पडलेले कोवळे फळ तो बाळहिरडा. पूर्ण वाढलेले, मांसल व वजनदार ते सुरवारी. त्याहून लहान व कमी मांसल ते रंगारी. यांतील शेवटचे नाव रंगकामाकडे निर्देश करते. कातडी कमावण्यासाठीही हिरडा एकोणिसाव्या शतकात ब्रिटनला मोठ्या प्रमाणावर जात असे. एकाच जातीच्या फळाचे हे भेद वाढीनुसार व उपयोगानुसार पडले आहेत. भावमिश्राने सोळाव्या शतकात हरीतकीचे विजया, रोहिणी, अभया इत्यादी सात प्रकार सांगितले, त्यामागेही फळाफळांतील भेदाची जाणीव आहे.

या भेदांचा प्रयोगशाळेशी थेट संबंध पोचतो. हिरड्याचा तुरटपणा टॅनिन द्रव्यांमुळे येतो. सुक्या फळातील त्यांचे प्रमाण साधारणतः 20 ते 40 टक्के असते आणि ते फळाच्या वाढीनुसार बदलते. टॅनिने प्रथिनांशी व लोहाशी संयोग पावतात. त्यांच्या जंतुरोधक कार्याची ही दोन प्रमुख कारणे होत. म्हणून अहवालात केवळ 'हिरडा' असे लिहिले, तर एकाचा बाळहिरडा व दुसऱ्याचा सुरवारी यांच्या निष्कर्षांची तुलना निरर्थक ठरते. बशीत अर्काभोवती दिसणारे जंतुरहित वर्तुळही सावधपणे वाचावे लागते. टॅनिनाचे मोठे रेणू अगारमध्ये सावकाश पसरतात, आणि द्रावक म्हणून घेतलेले अल्कोहोल स्वतःच जंतुरोधक असते. त्याची स्वतंत्र तुलनाचाचणी नसेल तर वर्तुळाचे श्रेय कोणाचे, हे ठरत नाही. शिवाय बशीतील परिणाम म्हणजे रोग्याच्या शरीरातील परिणाम नव्हे.

अशीच सावधगिरी 'कृमी' या शब्दाबाबत हवी. चरकाने रक्तातील काही कृमी सूक्ष्मत्वामुळे अदृश्य असतात असे म्हटले आहे; परंतु त्यावरून त्यास पाश्चर व कॉख यांचा जंतुसिद्धांत अवगत होता असे मानणे इतिहासास धरून होणार नाही. शब्द टिकला, तरी त्याचा अर्थ प्रत्येक युगात तपासून घ्यावा लागतो.

तात्पर्य, नमुन्याच्या चिठ्ठीवर लॅटिन नावाबरोबर स्थळ, महिना, फळाची अवस्था आणि गोळा करणाराने सांगितलेले नाव या चार गोष्टी लिहिल्या जाव्यात. मेळघाटात हे नाव पुष्कळदा कोरकू भाषेतले असेल. ती मुंडा कुलातील भाषा असल्याने तिच्यातील संज्ञा संस्कृत-प्राकृत परंपरेबाहेरच्या निरीक्षणाची साक्ष देऊ शकतात. त्या न नोंदवता फळ दळले गेले, तर त्यासोबतचे ज्ञान अर्कात उतरत नाही.