गृहतापन, लाकडी इंधनावरील

थंड हवामानाच्या प्रदेशांत लाकूड जाळून राहते घर ऊबदार ठेवण्याची पद्धती. उघडी आगटी, भिंतीत बांधलेले धुराड्याचे अग्निस्थान, विटांची वा चकचकीत मातीच्या फरश्यांची भट्टी आणि लोखंडाची बंदिस्त शेगडी हे तिच्या साधनांचे प्रमुख प्रकार होत. काश्मीर व लडाखमधील बुखारी शेवटच्या प्रकारात मोडते. या साधनांच्या विकासात इंधनाची बचत आणि धुराचे निवारण ही दोन उद्दिष्टे प्रारंभापासून दिसतात. तथापि ती नेहमीच एकत्र साधली गेली नाहीत.

उघड्या अग्निस्थानातील बहुतेक उष्णता धुराड्यावाटे निघून जाते. मध्य यूरोप व रशियात रूढ झालेल्या भट्ट्यांत थोडा वेळ प्रखर जाळ करून उष्णता जाड भिंतींत साठविली जाई व ती पुढे कित्येक तास खोलीत पसरे. बेंजामिन फ्रँक्लिन यांनी १७४४ मध्ये एका पुस्तिकेत ओतीव लोखंडाच्या अग्निस्थानाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याचे पेटंट घेण्याचे नाकारले. त्याच्या रचनेत धुराला वर चढण्यापूर्वी खाली वळावे लागे. त्यामुळे धुराडे पुरेसे तापलेले नसल्यास धूर खोलीत येई. १७९६ मध्ये काउंट रम्फर्ड यांनी अग्निस्थानाची खोली कमी करून आणि धुराड्याचा गळा अरुंद करून हा दोष बराच दूर केला. मात्र धुराड्यामुळे धूर घराबाहेर गेला, वस्तीबाहेर गेला नाही. अमेरिकेत १८८५ च्या सुमारास दगडी कोळशाने लाकडाला मागे टाकले. पुढे तेल, वायू व वीज यांचा प्रसार झाल्यावर शहरांतील लाकडी शेगडी मागे पडली.

लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू व डांबरयुक्त बाष्पे बाहेर पडतात. पुरेसे तापमान व हवा मिळाल्यास ती जळून जातात. एरवी त्यांपासून धूर बनतो. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असू शकते व ते उडविण्यात बरीच उष्णता खर्च होते. रात्रभर निखारा टिकावा म्हणून शेगडीची हवेची झडप आवळल्यास ज्वलन मंदावते, लाकूड पुरते. परंतु काजळी, कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन आणि कर्करोगकारक बहुवलयी हायड्रोकार्बने अधिक निर्माण होतात. धुराड्यात साचणाऱ्या डांबरी थरामुळे आगीचाही धोका संभवतो. धुरातील २.५ मायक्रोमीटरहून कमी व्यासाचे कण फुप्फुसांत खोलवर पोहोचतात आणि श्वसन व हृदय यांच्या विकारांना कारणीभूत होतात. हिवाळी रात्री जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर पसरला, तर दऱ्याखोऱ्यांतील गावांत हा धूर तसाच कोंडून राहतो. [→ प्रदूषण].

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिका, कॅनडा इ. देशांत हवाबंद बांधणीच्या शेगड्यांची मागणी वाढली. परकीय तेलावरील अवलंबित्व कमी करणारे आणि पुन्हा उगवणारे इंधन म्हणून लाकडाचे स्वागत झाले. परंतु हवा रोखून इंधन पुरविणे हाच या शेगड्यांचा गुण असल्याने धूरही त्यांतच वाढला. ऑरेगन राज्याने १९८३ मध्ये शेगड्यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा केला. १९८८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने राष्ट्रीय मानके घोषित केली. त्यांच्या दुसऱ्या टप्प्यात कणांच्या उत्सर्जनाची मर्यादा उत्प्रेरकयुक्त शेगडीसाठी ताशी ४.१ ग्रॅ. व इतर शेगड्यांसाठी ७.५ ग्रॅ. होती. २०१५ च्या सुधारित नियमांनुसार ती २०२० पासून २ ग्रॅ.पर्यंत (सरपणाच्या लाकडावर चाचणी केल्यास २.५ ग्रॅ.) खाली आणण्यात आली. प्रयोगशाळेत कोरड्या लाकडावर घेतलेली चाचणी आणि घरातील प्रत्यक्ष वापर यांतील तफावत मात्र मोठी राहिली.

शेगड्या बदलल्याने काय साधते, याचे बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावरचे लॉन्सेस्टन हे खोऱ्यात वसलेले शहर होय. तेथे २००१ पासून शासकीय साहाय्याने लाकडी शेगड्यांऐवजी विजेची साधने बसविण्यात आली. अशी शेगडी वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आले. १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचे हिवाळ्यातील सरासरी प्रमाण १९९४–२००० मध्ये दर घन मी.ला ४४ मायक्रोग्रॅम होते, ते २००१–०७ मध्ये २७ वर उतरले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हिवाळ्यात श्वसनविकारांमुळे होणारे मृत्यू सु. २८ टक्क्यांनी व हृद्‌रोहिणीविकारांमुळे होणारे सु. २० टक्क्यांनी घटले; तुलनेसाठी घेतलेल्या होबार्ट शहरात लक्षणीय बदल आढळला नाही. लोकसंख्या लहान असल्याने या आकड्यांची सांख्यिकीय निश्चिती मर्यादित आहे. हवेतील सुधारणा मात्र निःसंदिग्ध आहे.

माँट्रिऑलमध्ये १ ऑक्टोबर २०१८ पासून ताशी २.५ ग्रॅ.हून अधिक कण सोडणाऱ्या साधनांच्या वापरास बंदी असून दीर्घकाळ वीज खंडित झाल्यास सवलत मिळते; १९९८ च्या हिमवादळात वीज नसलेल्या घरांची झालेली अवस्था तेथे अनुभवास आली होती. इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून लहान परिमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणातील ओलावा २०% पेक्षा अधिक नसावा, असे बंधन आले. सुस्थितीतील शहरी कुटुंबाला लाकडी शेगडी ही हौस असते. दुर्गम भागातील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला तोच हिवाळ्यातील एकमेव आधार असू शकतो. म्हणूनच केवळ बंदी पुरेशी ठरत नाही. परवडणाऱ्या पर्यायी ऊर्जेची सोय, घराच्या भिंती व छत यांचे उष्णतारोधन आणि शेगडी बदलण्यास अर्थसाहाय्य यांची जोड मिळाली, तरच शेजाऱ्याच्या श्वासाला बाधा न आणता घर ऊबदार ठेवणे शक्य होते.