वेदरिंग, लष्करी मॉडेलांचे

रणगाडे, तोफा, विमाने व लष्करी वाहने यांच्या लहान प्रमाणातील प्लॅस्टिक मॉडेलांवर ऊन, पाऊस, धूळ, चिखल, इंधन आणि माणसांचा वावर यांच्या खुणा रंगाने उमटवण्याचे तंत्र. मॉडेल नवेकोरे न दिसता वापरातले दिसावे, हा त्याचा हेतू. विमानांसाठी १:७२ व १:४८, तर रणगाड्यांसाठी १:३५ हे प्रमाण जास्त चालते. १:३५ मागे कोणताही लष्करी हिशेब नाही. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचे मोटरवर चालणारे मॉडेल काढले. पोटात सेल मावतील एवढे ते ठेवले गेले आणि तेच माप पुढे रूढ झाले.

प्रमाण रंगालाही लागू होते. साधारण ३५ सेंमी.वरून पाहिलेले १:३५ चे मॉडेल म्हणजे बारा मीटरांवर उभा असलेला खरा रणगाडा. एवढ्या अंतरावर गडद रंग हवेमुळे थोडे फिके दिसतात, म्हणून मूळ छटेत किंचित फिका रंग मिसळतात आणि टायरला निव्वळ काळ्याऐवजी गडद करडा देतात. उलटा हिशेब मात्र बरेच जण विसरतात. मॉडेलवरचा १ मिमी.चा टवका खऱ्या वाहनावर साडेतीन सेंमी.चा होतो. स्पंजाच्या तुकड्याने असे टवके अंगभर उठवलेला रणगाडा युद्धातून आलेला न वाटता भंगारातून आणलेला वाटतो.

कामाचा क्रम साधारणपणे प्रायमर, एअरब्रशने मूळ रंग, ग्लॉस व्हार्निश, डिकल (चिकटवायची चिन्हे) आणि मग वेदरिंग असा असतो. ग्लॉस व्हार्निश चकाकीसाठी नसते. मॅट पृष्ठभाग खरखरीत असल्याने पातळ रंग तिथल्या तिथे शोषला जाऊन डाग पडतात. गुळगुळीत पृष्ठभागावर तो सरकतो. ऑइल कलर थिनरमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून ब्रशचे टोक रिव्हेटच्या बुडाशी नुसते टेकवले, की रंग आपोआप रिव्हेटभोवती आणि पत्र्याच्या सांध्यातून धावतो. यालाच वॉश म्हणतात. बाहेर सांडलेला रंग थिनरमध्ये ओलसर केलेल्या ब्रशने वरून खाली ओढला, की पावसाच्या ओघळांच्या रेषा आयत्या मिळतात. ड्रायब्रशची रीत उलटी : जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवून उंचवटे उजळायचे.

वॉश आणि ड्रायब्रश ही जोडी १९८० च्या दशकात बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडन यांच्या कामामुळे जगभर पोहोचली. त्याआधी अमेरिकेत शेप पेन (१९४६–२०१५) यांनी मोनोग्रॅम कंपनीच्या किटांसोबत येणाऱ्या डायोरामा-पत्रकांतून मॉडेलला प्रसंगात बसवून दाखवले होते. २००० नंतर स्पेनमधील मिग हिमेनेझ व इतरांनी प्रत्येक पत्र्याला वरच्या कडेला उजळ, खाली गडद अशी छटा देण्याची ‘कलर मॉड्युलेशन’ शैली गाजवली. ही शैली छायाचित्रात देखणी दिसते. पण तो प्रकाशाचा आभास आहे, झिजेची नोंद नव्हे. स्पर्धांतील वाद बहुधा याच मुद्द्यावर पेटतात.

चांगल्या वेदरिंगमध्ये प्रत्येक खुणेला कारण असते. रणगाड्याचे चालक दल जिथे पाय देऊन वर चढते तिथे, झाकणांच्या कडांना आणि हत्यारे अडकवण्याच्या जागी रंग आधी उडतो. धूर काढणारे नळकांडे तापून लवकर गंजते. ट्रॅकचे, म्हणजे चाकांभोवतीच्या पट्ट्यांचे, पोलाद काही दिवसांत तांबूस होते, पण जमिनीला व चाकांना घासणारे भाग चकाकत राहतात. तिथे पेन्सिलीच्या शिशाची भुकटी बोटाने चोळतात. अनेक शर्मन रणगाड्यांच्या ट्रॅकला रबराचे ठोकळे असत. त्यांवर ही चकाकी दाखवणे चूक. चिलखतावर मात्र गंजाचे जाड थर नसतात, कारण आघाडीवरच्या कित्येक रणगाड्यांना तेवढे आयुष्यच मिळत नसे. विमानाच्या ॲल्युमिनियमच्या अंगावर तांबडा गंज दाखवणे हा ढोबळ दोष. तिथे उघड्या धातूची रुपेरी झाक किंवा प्रायमर दिसतो.

खरे रंग कसे लावले गेले, हे ठाऊक असले तर निम्मे काम होते. युरोपातील जर्मन रणगाडे फेब्रुवारी १९४३ पर्यंत गडद करडे असत. त्यानंतर कारखान्यातून गडद पिवळा रंग लागून येई, आणि हिरवा व तांबूस तपकिरी रंग पेस्टच्या रूपात तुकड्यांना मिळे. सैनिक ती पेस्ट पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये कालवून लावत. त्यामुळे पट्ट्यांचा दाटपणा वाहनागणिक बदले. हिवाळ्यात वरून मारलेला पांढरा रंग तर झपाट्याने निघून जाई. मॉडेलवर तो दाखवायला मूळ रंगावर हेअरस्प्रे मारतात, वर पांढरा ॲक्रिलिक देतात, आणि पाणी लावून ताठ ब्रशने घासतात; हेअरस्प्रे विरघळतो आणि पांढरा रंग हवा तिथून सुटतो.

मातीचा रंगही ठिकाणाप्रमाणे ठरतो. भारत-पाक युद्धातील १६ डिसेंबर १९७१ च्या बसंतरच्या लढाईतील पूना हॉर्स रेजिमेंटच्या सेंच्युरियन रणगाड्यांवर रावीच्या खोऱ्यातील गाळाची करडी-पिवळसर माती हवी; रेजिमेंटच्या नावात पुणे आहे म्हणून देशावरची काळी माती चालणार नाही. याच लढाईत लढलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांचा ‘फामागुस्ता’ हा रणगाडा अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे, आणि तेथील रणगाडा संग्रहालयात इतर अनेक वाहने जवळून पाहता येतात. वेल्डिंगचे सांधे, बोल्टांची मांडणी, ट्रॅकची घडण यांसाठी अशी वाहने उत्तम. रंगासाठी त्यांच्यावर विसंबू नये. प्रदर्शनातली वाहने पुनःपुन्हा रंगवली जातात. झीज आणि चिखलासाठी त्या काळची छायाचित्रेच पाहावीत.

धूळ दाखवण्यासाठी कोरडी रंगद्रव्ये वापरतात. आयात बाटल्या महाग वाटल्यास सुक्या पेस्टलच्या कांड्या सँडपेपरवर घासून भुकटी करता येते, आणि वॉशसाठी कॅमलच्या ऑइल कलरच्या ट्यूबा पुरतात. भुकटीवर शेवटी मॅट व्हार्निश मारले तर ती ओली होऊन निम्मी दिसेनाशी होते, म्हणून व्हार्निश आधी आणि भुकटी नंतर. ती उडवताना मास्क लावावा. थिनरचे काम खिडकी उघडी ठेवून करावे.